ओल्या झेंड्याचे म्हणणे

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मला काठीवरून उतरवण्यात आले. दोघांनी काचेची पेटी उचलून बाजूला ठेवली. मग एका चिमट्याने माझी कड धरली, काठीभोवतीचा वेढा हळूहळू सोडवला आणि मला कापसाच्या डबीत ठेवले. कोणी दांडगाई केली नाही. कारण एकच सांगण्यात आले: हा झेंडा फडकत नाही.

ते खरे आहे. मी फडकत नाही.

मी एक जुना झेंडा आहे, मित्रांनो, आणि आकाराने टपालाच्या तिकिटाएवढा. मोठ्या झेंड्यांकडे लोक मान वर करून पाहतात. मला पाहायला कमरेत वाकावे लागते. शहराच्या संग्रहालयात नदीच्या महापुराचा एक देखावा आहे. मोठ्या टेबलाएवढी गढूळ नदी, बुडालेल्या घरांची छपरे, छपरांवर माणसे आणि त्यांच्याकडे निघालेल्या होड्या. नावाडी करंगळीएवढे आहेत. वर एक लाकडी चौकट आहे आणि तिच्यातून नायलॉनचे बारीक दोरे सरळ खाली नदीत उतरतात. तो पाऊस. सर्वांत पुढच्या होडीवर एक काठी आहे आणि त्या काठीवर मी होतो: भिजलेला, काठीला चिकटलेला, खाली लोंबणारा. लोंबणे हेच माझे काम होते आणि ते मी इतकी वर्षे चोख केले.

मला जिने घडवले तिला सगळे झेंडेवाली म्हणतात. स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिचे काम चाले. खिडकीपाशी टेबल, टेबलावर जाड काच, काचेवर चिमटे, सुया आणि चार-दोन केसांचे कुंचले. कोणी शिशाचे सैनिक जमवणारा असे, कोणी लाकडी जहाजे बांधणारा असे. माणसे आणि जहाजे त्यांची ते करत, पण झेंड्यापाशी आले की हात टेकत आणि तिच्या दारात येत. झेंडा दिसायला सोपा असतो. चार रेघा मारल्या की झाला, असे वाटते. करायला बसले की कळते, की रेघा कोणीही मारील, वारा कोणाला काढता येतो?

माझा जन्म मलमाच्या नळीतून झाला. हसू नका. नळी धातूची होती आणि मलम खरजेचे होते. झेंडेवालीने ती कापली, उघडली, धुतली, काचेवर ठेवून चमच्याच्या पाठीने घासून सपाट केली आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवून मऊ केली. कागदाचेही झेंडे होतात आणि ते वाईट नसतात. पण कागद ओला दिसत नाही. ओला झाला तर फाटतो. मला ओले दिसायचे होते, तेही कायमचे.

मग अस्तराचा हात, मग रंग. मी गर्द निळा आहे, मध्ये पांढरे वल्हे आणि कडेला पिवळी पट्टी. नावाड्यांच्या संघटनेचा झेंडा. दोन्ही बाजूंची वल्ही पाठीला पाठ लावून नेमकी जुळली पाहिजेत, म्हणून तिने कोपऱ्यांत सुईने टोचून खुणा केल्या आणि उजेडात धरून पाहिल्या. हे सगळे सपाट असताना करायचे. रंग वाळला की वळवायचे, आणि एकदा वळवले की पुन्हा सपाट करायचे नाही. धातू वळतो, पण वाळलेला रंग वळत नाही, तो तडकतो. रंग आधी, वळण नंतर, आणि मग माघार नाही. त्या खोलीतला कायदा हा एवढाच.

माझी भावंडे पेन्सिलीवर वळवलेली होती. एक लाट पुढे, एक मागे, टोकाला जरासा झोका. सगळी फडकत निघाली. गिऱ्हाइकाला तेच हवे असे. झेंडेवाली वळवता वळवता पुटपुटायची, "सगळ्या जगाला एकच वारा सुटलाय." माझ्या वेळी तिने पेन्सिल बाजूला ठेवली आणि रफूची सुई घेतली. बारीक, जड, खाली खेचलेल्या घड्या घातल्या. घडीच्या पोटात रंग गडद केला, पाठीवर उजळ केला, कडेचा धातू झाकला आणि शेवटी वॉर्निशचा चकचकीत हात दिला. खालच्या टोकाला डिंकाचा एक थेंब लावला. तो अजून पडायचा आहे.

संघटनेची जुनी मंडळी पाहायला आली, तेव्हा पहिलाच प्रश्न आला.

"हे काय, बाई? आमचं वल्हं कुठंय?"

"घडीत आहे."

"घडीत? आम्ही झेंडा मागितला होता, धुणं नाही."

"त्या दिवशी धुणंच झालं होतं त्याचं," झेंडेवाली म्हणाली. "मी होते होडीत."

आता ती गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून मी म्हणजे नुसता वाकडा पत्रा.

पूर आला तेव्हा झेंडेवाली लहान मुलगी होती. घाट कचेरीचा हुकूम होता, की पाणी उतरेपर्यंत एकही होडी सोडायची नाही. नावाडी काठावर उभे होते आणि समोर छपरांवर माणसे ओरडत होती. पाऊस असा, की दोरीने बांधून खाली सोडल्यासारखा. वाऱ्याचे नाव नाही. नावाड्यांनी आपसांत काही बोलून घेतले, संघटनेचा झेंडा पहिल्या होडीवर बांधला आणि होड्या पाण्यात ढकलल्या. हुकूम मोडला हे त्यांनी लपवले नाही. वर झेंडा लावून मोडला. झेंडा कशाला, तर छपरावरच्या माणसांना कळावे, की ही होडी वाहून चाललेली नाही, तुमच्याकडे येते आहे.

त्या होडीचा नावाडी सतत खोकत असे, म्हणून त्याला खोकलेकाका म्हणत. छपरावरून उतरवलेली ती मुलगी काठीखाली बसली होती आणि झेंड्याचे पाणी तिच्या मानेत ठिबकत होते. ती रडू लागली.

"काय झालं गं?"

"झेंडा गळतोय."

"अगं, तो कोरडा असता तर तुला त्यातच गुंडाळलं असतं," खोकलेकाका म्हणाला. "बस गप, आणि धर काठी. हलतेय ती."

मुलीने काठी धरली. बाकीचे तिला फारसे आठवत नाही, असे ती स्वतःच सांगते. मानेतले पाणी आठवते.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबला आणि वारा सुटला. घाट कचेरीच्या मोठ्या बोटी आल्या, साहेब आले, फोटो काढणारे आले. झेंडा वाळला आणि फडकला. दोन्ही दिवस खरे आहेत, मित्रांनो. दुसऱ्या दिवसाशी माझे भांडण नाही. माझे म्हणणे एवढेच, की मी पहिल्या दिवसाचा आहे.

ते ऐकून संघटनेची मंडळी टेबलाजवळ सरकली. त्यांच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्याने चष्मा पुसला, खाली वाकून मला बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "राहू दे. असाच होता लेकाचा."

याहून मोठी शाबासकी मला पुढे कधी मिळाली नाही आणि तिच्यावर माझे भागले.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. शाळांच्या रांगा येत. काचेवर नाकांचे ठसे उमटत. मुले मला पाहून हमखास विचारत, "हे लोक हरले का?" दालनाचा पहारेकरी जागचा न हलता उत्तर देई, "हरले नाहीत. भिजलेत." माझ्याबद्दल दोन शब्दांत इतके नेमके कोणी बोललेले नाही.

मग लोक कमी झाले. वरचा दिवा गेला, तो कोणी बदलला नाही. माझ्या घड्यांत धूळ बसली. एका कोळ्याने पावसाच्या दोऱ्यांत आपलाही एक दोरा ओवला. माझे पिवळे जरा मळकट झाले. त्याची तक्रार मी करत नाही. धूळ बसली म्हणून झेंडा बदलत नाही. दुर्लक्षाने मी जुना झालो, पण खोटा झालो नाही. खोटे व्हायची वेळ आली ती माझ्याकडे लक्ष गेल्यावर.

दालन नव्याने मांडायचे ठरले. त्यासाठी नव्या मुख्य बाई आल्या. त्यांना वाईट म्हणणार नाही. कामाच्या पक्क्या, बोलायला साध्या, आणि माझ्यावरची धूळ इतक्या वर्षांनी त्यांनीच मऊ कुंचल्याने झाडली. त्यांनी दुसऱ्या दिवशीचा एक फोटो मोठा करून समोरच्या भिंतीवर लावला. फोटोत होड्या आहेत, साहेब आहेत आणि झेंडा ताठ फडकतो आहे. पाहणारा आधी भिंतीकडे बघतो, मग वळून माझ्याकडे बघतो आणि विचारतो, की हा असा का?

म्हणून मंगळवारी मला उतरवले, आणि दुपारी मी पुन्हा स्वयंपाकघरामागच्या खोलीत होतो.

खोली तीच, पण टेबलापाशी आता सून बसते. झेंडेवालीची नजर अधू झाली आहे. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आवाजावरून काम तपासते. सून पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायची, दाराएवढी अक्षरे. ती लग्न होऊन आली तेव्हा झेंडेवाली म्हणाली होती, "हिच्या एका अक्षरात माझं अख्खं सैन्य उभं राहील." त्याच सुनेने चिमटा हातात घेतला आणि सहा महिन्यांत सासूला मागे टाकले. झेंडेवाली हे सगळ्यांना सांगते, फक्त सुनेला सांगत नाही.

"झेंडा छानच आहे," मुख्य बाई म्हणाल्या. "फक्त जरा उघडायचा. फोटोत आहे तसा."

"उघडायला तो काय डबा आहे?" झेंडेवाली खुर्चीतून म्हणाली.

"आई," सून हळूच म्हणाली.

"आई काय? मी विचारतेय. डबा असला तर झाकण दाखवा म्हणावं."

"लोकांना वल्हं दिसत नाही हो," मुख्य बाई म्हणाल्या. "कुणाचा झेंडा आहे हेच कळत नाही. नावाड्यांचं नाव पुढे यावं असं मलाही वाटतं."

हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. झेंडेवालीलाही ते खोटे वाटले नसावे, कारण डब्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

"मी बघते करून," सून म्हणाली.

"बघ. हात तुझे आहेत, जीभ माझी आहे," सासू म्हणाली. "दोन्ही आपापलं काम करतील."

मुख्य बाई गेल्यावर सुनेने चमचा गरम केला आणि माझ्या पाठीला शेक दिला. मग चिमट्याने माझा खालचा कोपरा धरला आणि केसभर उचलला. माझ्यातून एक बारीक आवाज निघाला. नखावर नख घासावे तसा. वल्ह्याच्या पात्यावर आडवी चीर पडली आणि शेजारच्या निळ्या रंगाची एक खपली काचेवर सांडली.

मी वाकलो नाही असे म्हणणार नाही, मित्रांनो. मी धातू आहे; जोर लावणाऱ्यापुढे मी वाकतो. पण गुपचूप वाकत नाही.

सुनेने चिमटा खाली ठेवला.

"तडकला ना?" सासूने विचारले.

"हो."

"अजून लाव जोर. उघडेल. पण झेंडा नाही उरायचा. मलमाची नळी उरेल."

"नाही लावत," सून म्हणाली. तिने खपली कुंचल्याच्या टोकावर उचलली, जागच्या जागी चिकटवली आणि मुख्य बाईंना फोन केला. "हा नाही व्हायचा. मी नवा करून देते."

नवा झेंडा तिने फोटो समोर ठेवून केला. तो देखणा आहे. खोटे का बोलू? त्याची वळणे पेन्सिलीची नाहीत, एकेक वेगळी आहे. वल्हे लखलखीत दिसते. रंगात तर ती माझ्या झेंडेवालीपेक्षा सरस आहे. मला त्याचा राग आला नाही. तो त्याच्या दिवसाचा आहे.

शुक्रवारी सून आम्हा दोघांना दोन डब्यांत घेऊन दालनात गेली. नवा झेंडा काठीवर चढवला, कड दाबली, दोन पावले मागे सरली आणि कपाळावर हात मारून घेतला.

ही चूक आमच्याच धंद्यात होते. देखाव्यात सगळ्यांना मिळून एकच हवा असते. धूर, झाडे, केस, पदर आणि झेंडा, सगळे एकाच बाजूला झुकले पाहिजेत. नवा झेंडा डावीकडून उजवीकडे जोरात फडकत होता आणि त्याच्याभोवती पाऊस सरळ, ओळंबा सोडल्यासारखा पडत होता. तिने फोटो पाहून झेंडा केला होता. टेबलावरची हवा पाहायची राहून गेली होती.

पहारेकरी हलला नाही, पण बोलला. "याला एकट्यालाच वारा लागतोय वाटतं."

मुख्य बाईंनी आल्या आल्या ओळखले. "पाऊस तिरका करता येईल?"

"करता येईल. मग होड्याही कलत्या कराव्या लागतील. आणि नावाड्यांचे सदरे. आणि लाटा."

मुख्य बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. "मग पाऊसच काढू या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हताच. पूर होता."

सून माझी डबी घेऊन निघाली. घरी आल्यावर तिने सासूला सांगितले. सासूने जेवण अर्धे टाकले आणि म्हणाली, "उद्या मी येते. तो पाऊस मी ओवलाय. काढताना मला तिथं बसू दे."

शनिवारी झेंडेवाली दालनात स्टुलावर बसली होती आणि माझी डबी तिच्या मांडीवर उघडी होती. सून लहान कात्रीने डावीकडचे दोरे एकेक कापत होती. प्रत्येक दोरा कापला की टिक असा आवाज होई. मी ते सगळे आवाज ऐकले. झेंडेवालीनेही ऐकले. कापता कापता कात्री नदीच्या मध्यापर्यंत आली.

"पाऊस काढला की माझी होडी कुठल्या दिवसाची?" झेंडेवालीने विचारले.

मुख्य बाई तिच्याजवळ येऊन बसल्या. "तुम्ही तेव्हा लहान होता. मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण माझ्याकडे भिंतीवर फोटो आहे, आणि समोर तुमची आठवण आहे. लोकांना मी काय सांगू?"

"सांगा, की फोटो दुसऱ्या दिवसाचा आहे."

"पहिल्या दिवसाचा एकही फोटो नाही. म्हणून तर अडलंय."

"कसा असेल?" झेंडेवाली म्हणाली. "गावातला फोटोवाला आमच्याच होडीत होता. छपरावरून उतरवला त्याला. कॅमेरा पोटाशी धरून बसला होता, शर्टात गुंडाळून. माझा झेंडा गळत होता त्याहून त्याचा कॅमेरा जास्त गळत होता."

सुनेची कात्री थांबली. "आई, हे कधी बोलला नाहीत."

"विचारलंस कधी? सगळे विचारतात, झेंडा का फडकत नाही. फोटोवाला कुठं होता हे विचारतं का कुणी?"

पहारेकरी खोकला, किंवा हसला; ते नीट कळले नाही.

मुख्य बाई उठून भिंतीपर्यंत गेल्या आणि फोटोसमोर उभ्या राहिल्या. वळल्या तेव्हा त्यांचा आवाज तसाच साधा होता. "याला दुसरा साक्षीदार?"

"खोकलेकाका. तो गेला."

"संग्रहालयाच्या समितीला हे पुरणार नाही, हे आत्ताच सांगते," त्या म्हणाल्या. "पण कात्री ठेवा. नवा झेंडाही उतरवा. सोमवारी मी समितीपुढे बोलते. तोवर कशालाच हात लावायचा नाही."

"नवाही?" सून म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तो झेंडा तिच्या हातचा होता.

"नवाही."

मित्रांनो, माझ्यासारख्याने शेवटी तुम्हाला काही मागायचे असते. जुन्या वस्तू जपा, धूळ झटका, काच पुसा. जरूर पुसा. पण मी विनंती करणार नाही, बजावून सांगतो. जपणे वेगळे आणि सरळ करणे वेगळे. जी वस्तू वाकडी आहे ती कधी कधी कोणीतरी जाणूनबुजून वाकवलेली असते, आणि त्या वाकण्यात एक दिवस असतो. तिला नीट करायच्या आधी तो दिवस कोणता होता ते विचारा. मला पेटीत परत ठेवा, नाहीतर ठेवू नका. गोदामात टाका, डबीत विसरून जा. मी कुरकुरणार नाही. मला सरळ मात्र करू नका. वल्ह्यावरची ती चीर आहे ना, ते माझे उत्तर आहे आणि ते बदलणार नाही. हुकूम मोडून निघालेल्या होडीवर मी होतो. तिथे मी मान खाली घालून उभा होतो, ती पाण्याच्या भाराने. शरमेने नव्हे.

सोमवारी समितीची बैठक झाली. निर्णय झाला नाही. एक सभासद म्हणाले, फोटो बदला. दुसरे म्हणाले, झेंडा बदला. तिसऱ्यांनी विचारले, की दोन्ही ठेवले तर कोणाचे काय बिघडते? दालन ठरल्या दिवशी उघडले, कारण पत्रिका आधीच वाटल्या होत्या. आम्ही दोघे झेंडे मुख्य बाईंच्या कपाटात, शेजारशेजारच्या डब्यांत आहोत. सून दोनदा येऊन दोन्ही डब्या उघडून बघून गेली. पहारेकरी सांगतो, लोक काचेशी वाकतात आणि बराच वेळ उठत नाहीत. पहिल्या होडीची काठी रिकामी आहे. नदीच्या डाव्या अर्ध्या भागात आभाळ कोरडे आहे, आणि उजव्या अर्ध्या भागात अजून सरळ पाऊस पडतो आहे.